कलिंगात न कोरलेला लेख

डिसेंबर १८१२ मध्ये नेपोलियनच्या सैन्याचे एकोणतिसावे पत्रक पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सुमारे सहा लाखांची फौज रशियावर चालून गेली होती आणि आता तिच्यातला फारच थोडा भाग, थंडीने आणि उपासमारीने खंगलेला, परतीच्या वाटेवर होता. पत्रकात हानीची बऱ्यापैकी कबुली होती. घोडी हजारोंनी मेली, तोफा वाटेत टाकून द्याव्या लागल्या, घोडदळ नावालाच उरले, हे सारे सांगून झाल्यावर अगदी शेवटी एक वाक्य येत होते: महाराजांची प्रकृती याआधी कधीही इतकी उत्तम नव्हती.

या वाक्याला व्यवहारातले एक कारण होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. दोनच महिन्यांपूर्वी माले नावाच्या एका सेनापतीने सम्राट रणांगणावर मरण पावल्याची आवई उठवून पॅरिसमध्ये सत्ता ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला होता, त्यामुळे सम्राट हयात आहे हे ठासून सांगणे त्याच्या दृष्टीने निकडीचे होते. पण ज्या घरांतली मुले त्या बर्फात राहिली होती त्या घरांनी हे वाक्य कसे वाचले असेल, हा विचार पत्रक लिहिताना नेपोलियनच्या मनाला शिवलाही नसावा, असे मला वाटते. त्यात क्रौर्य होते असेही म्हणवत नाही. इतकी वर्षे देशाचे हित आणि स्वतःची चढती कमान या दोन गोष्टी त्याने एकच मानल्या होत्या, त्यामुळे आपण धडधाकट आहोत ही त्याला खरोखरच सांत्वनाची बातमी वाटली असेल.

महत्त्वाकांक्षा हा शब्द आपण मुलांच्या कौतुकात वापरतो आणि पुढाऱ्यांच्या निंदेतही वापरतो, आणि या दोन्ही वेळी आपण एकाच गोष्टीबद्दल बोलत आहोत की नाही हे तपासत नाही. मी स्वतःपुरता एक साधा निकष धरला आहे, तो असा की किंमत कोण मोजतो ते पाहावे. गाणे साधावे म्हणून आयुष्याची वीस वर्षे घालवणारा माणूस महत्त्वाकांक्षी असतो, प्रसंगी हेकटही असतो, पण त्याची वीस वर्षे त्याचीच असतात. नेत्याचे तसे नसते. त्याच्या हाती इतरांची वर्षे, इतरांची मेहनत, कधी इतरांचे प्राण असतात, आणि म्हणून त्याच्या आकांक्षेची पावती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर फाटते. तेवढ्याने तो निष्ठुर ठरत नाही, कारण कोणतेही मोठे काम इतरांच्या कष्टांशिवाय उभे राहत नाही. ज्याच्या नावावर पावती फाटली त्याचा चेहरा आठवेनासा झाला, की मात्र निष्ठुरपणा सुरू झाला असे समजावे.

मराठीत या विषयाची सर्वांत परिचित कथा दोन अक्षरांत सामावलेली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. रघुनाथरावांनी पुतण्याला पकडण्यापुरतेच, म्हणजे ‘धरावे’ एवढेच लिहून दिले होते आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून त्याचे ‘मारावे’ केले, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिची सत्यासत्यता क्षणभर बाजूला ठेवू. मला कुतूहल आहे ते या कथेच्या लोकप्रियतेचे. एका अक्षरावर आणि एका स्त्रीवर सारा दोष ढकलून ती कथा काकांना जवळजवळ सोडवते. वाड्यात नजरकैदेत असलेला आणि पेशवेपदाची आस न सुटलेला माणूस, थकलेल्या पगारापायी बिथरलेल्या सशस्त्र भाडोत्री शिपायांना सख्ख्या पुतण्याच्या अंगावर जायला सांगतो, तेव्हा त्या शिपायांच्या तलवारी ‘ध’ आणि ‘मा’ यांच्यातला फरक किती पाळतील, हे त्याला कळत नव्हते असे मानायला आपण इतके का उत्सुक असतो?

रामशास्त्री प्रभुणे यांनी तसे मानले नाही. त्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि या अपराधाला देहांताखेरीज प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगून न्यायाधीशपद सोडले, असे परंपरा सांगते. शास्त्रीबुवांच्या बाणेदारपणाचे कौतुक आपण पुष्कळ करतो, परंतु त्यांच्या निवाड्यातला कायद्याचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. आपल्या शब्दाचा खाली काय अर्थ लावला जाईल याची जाण असूनही जो शब्द मुद्दाम सैल ठेवतो, त्याला त्या सैलपणाचा आसरा घेता येणार नाही, हा तो भाग आहे. पुढे बारभाईंनी विरोध उभा केल्यावर रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, साष्टी आणि वसई देऊ करून त्यांनी पेशवेपद परत मिळवण्यासाठी परक्या फौजेची मदत मागितली आणि त्यातून सात वर्षे चाललेले युद्ध ओढवले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्या पदरी पडली ती केवळ नेमणूक, म्हणजे ठरावीक तनखा. हा उत्तरार्ध मात्र आपण सहसा सांगत नाही, कारण त्यात अक्षर बदलणारे दुसरे कुणी सापडत नाही.

सैल शब्दांची ही रीत आजही जोरात चालते, फक्त चिठ्ठीची जागा उद्दिष्टांच्या तक्त्याने घेतली आहे. अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेचे उदाहरण मला या संदर्भात फार बोलके वाटते. प्रत्येक ग्राहक कुटुंबाला बँकेच्या आठ सेवा विकल्या पाहिजेत असे तिथले लक्ष्य होते. आठच का, तर इंग्रजीत ‘एट’ आणि ‘ग्रेट’ यांचे यमक जुळते, असे बँकेच्या प्रमुखांनी एका वार्षिक अहवालात लिहिले होते. शाखांमधल्या कर्मचाऱ्यांना दिवसाचे आकडे दिले जात, ते न गाठणाऱ्यांची हजेरी घेतली जाई, नोकरी जाण्याची टांगती तलवार असे. ग्राहकांना न विचारता खाती उघडा, असे वरून कुणी लिहून दिले नव्हते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये हे प्रकरण उघडकीस आले तेव्हा अशा खात्यांचा अंदाज सुमारे वीस लाखांचा होता, पुढच्या वर्षी तो पस्तीस लाखांपर्यंत गेला. बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला आणि त्याच वेळी असेही समजले की याच गैरप्रकारांवरून सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना बँकेने काही वर्षांत कामावरून काढून टाकलेले होते. म्हणजे वरून ‘विका’ असे लिहून आले, खाली त्याचे ‘बनवा’ झाले, आणि अक्षर बदलल्याबद्दल शिक्षा झाली ती सर्वांत कमी पगाराच्या माणसांना. प्रमुखांना पुढच्याच महिन्यात पद सोडावे लागले आणि २०२० मध्ये त्यांच्यावर वैयक्तिक दंड व बँकिंग व्यवसायात आजन्म बंदी आली. वरच्या माणसापर्यंत जबाबदारी पोहोचल्याची अशी उदाहरणे कमीच आढळतात.

येथवर मी इतरांबद्दल लिहिले. आता जे लिहायचे आहे ते लिहिण्यासाठीच हा लेख सुरू केला होता आणि सम्राट, पेशवे, बँका यांच्या आडोशाने ते लांबवत आलो, हे माझ्या ध्यानात आले आहे.

सुमारे सोळा वर्षांपूर्वी मी एका मोठ्या संस्थेत एका विभागाचा प्रमुख होतो. वरची एक जागा लवकरच रिकामी होणार होती आणि तिच्यासाठी माझ्याबरोबर दुसऱ्या एका विभागप्रमुखाचे नाव चर्चेत होते. त्या सुमारास सेवानिवृत्तांच्या देण्यांचा हिशेब ठेवणारी नवी संगणक प्रणाली सुरू करण्याचे काम माझ्या विभागाकडे होते. एका बैठकीत, तो दुसरा विभागप्रमुख समोर बसलेला असताना, मी ती प्रणाली कधी सुरू होईल याची तारीख सांगून मोकळा झालो. तारीख सांगण्याआधी मी कोणालाही विचारले नव्हते. चाचणीचे काम ज्यांच्याकडे होते ते माझे सहकारी वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे होते, मितभाषी होते आणि त्यांचे अक्षर फार सुंदर होते. तारीख ऐकल्यावर त्यांनी दीड पानाची टिपणी लिहून आणली. जुन्या नोंदींपैकी काही प्रकारच्या नोंदी नव्या प्रणालीत चुकीच्या उतरत आहेत, त्या तपासायला आणखी सहा आठवडे लागतील, असे त्यात उदाहरणांसह मांडलेले होते.

मी त्यांना बसवून घेतले, चहा मागवला आणि वरच्यांच्या अपेक्षा, विभागाची प्रतिष्ठा वगैरे गोष्टी सांगितल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही म्हणाल तसं. फक्त ही टिपणी फाइलला असू द्या.” मी ‘हो’ म्हणालो आणि टिपणी टेबलाच्या खणात ठेवली. त्याच संध्याकाळी मी वर जो अहवाल पाठवला त्यात त्यांच्या ‘चाचणी अपूर्ण आहे’ या शब्दांच्या जागी मी ‘चाचणी अंतिम टप्प्यात आहे’ असे लिहिले. हे शब्द खोटे नव्हते, आणि मला त्याचाच अभिमान वाटला होता, हे आज लिहिताना हात अडखळतो.

प्रणाली ठरल्या तारखेला सुरू झाली आणि पुढचे तीन महिने काही शे वृद्धांना चुकीच्या रकमा मिळाल्या. काहींना काहीच मिळाले नाही. ते लोक कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकांवर बसलेले असत आणि मी मागच्या जिन्याने ये-जा करू लागलो. चौकशी झाली. चाचणीच्या कागदावर सही त्या सहकाऱ्यांची होती. त्यांनी पूर्वसूचना दिली होती का, असे मला विचारण्यात आले, तेव्हा मी म्हणालो, “बोलण्यात उल्लेख झाला असेल, नक्की आठवत नाही.” त्यांची बदली एका बिनकामाच्या टेबलावर झाली आणि वर्षभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. टिपणीची प्रत त्यांच्याकडे असणार, इतक्या टापटिपीच्या माणसाने ती ठेवली नसेल हे शक्य नाही, पण त्यांनी ती कधीच पुढे केली नाही. का केली नाही याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ती वरची जागा मला मिळाली.

निष्ठुर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा माणूस मी नव्हतो. मी कुणावर ओरडत नसे, कनिष्ठांच्या घरच्या अडचणींची विचारपूस करत असे, आणि त्या सहकाऱ्यांच्या निरोप समारंभात मी मनापासून चार चांगली वाक्ये बोललो होतो. म्हणूनच आता मला वाटते की निष्ठुर महत्त्वाकांक्षेचा खरा धोका उघड्या क्रौर्यात नसावा. कठोर माणूस निदान ओळखू येतो आणि लोक त्याच्यापासून जपून राहतात. धोका असतो तो एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवण्याच्या सफाईत, कारण ती सफाई आपल्याला स्वतःच्या नजरेतून उतरू देत नाही, आणि जोवर आपण स्वतःच्या नजरेतून उतरत नाही तोवर थांबण्याचे कारणच उद्भवत नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या कंपनीच्या अध्यक्षांनी हजारो कोटी रुपयांच्या खोट्या हिशेबांची कबुली देणारे पत्र लिहिले. प्रत्यक्ष नफा आणि वहीतला नफा यांच्यात सुरुवातीला किरकोळच तफावत होती, ती वर्षागणिक वाढत गेली, आणि पुढे ते वाघावर स्वार होण्यासारखे झाले, खाल्ले न जाता उतरावे कसे हे कळेना, असे त्यांनी त्यात लिहिले होते. पत्र वाचून तेव्हा पुष्कळ लोक हसले होते. मी हसलो नव्हतो, कारण किरकोळ तफावत म्हणजे काय ते मला माहीत होते.

माझ्या बढतीनंतरची गोष्ट मला अधिक उशिरा कळली. पुढच्या काही वर्षांत माझ्याकडे लेखी टिपण्या येणेच बंद झाले. बैठकांत सगळे माना डोलवत, अडचण विचारली तर ‘किरकोळ आहे, बघून घेऊ’ असे उत्तर मिळे, आणि आपला विभाग किती एकदिलाने चालतो याचे मला समाधान वाटे. त्या एका माणसाचे काय झाले ते सर्वांनी पाहिले होते, आणि ज्याने त्याने त्यातून आपापल्या शहाणपणापुरता धडा घेतला होता. अधिकारी खोटे ऐकू इच्छितो हे एकदा लोकांना समजले, की त्याने पुढे कितीही प्रामाणिकपणे सत्य विचारले तरी ते त्याला मिळत नाही.

याच गोष्टीचे भीषण रूप १९५९ मध्ये चीनमध्ये दिसले. माओने ‘मोठी झेप’ जाहीर करून वर्ष उलटले होते. पोलाद उत्पादनात पंधरा वर्षांत ब्रिटनला मागे टाकायचे म्हणून घरगुती भट्ट्यांत भांडीकुंडी वितळवली जात होती, आणि धान्याच्या पिकाचे फुगवलेले आकडे वर जात होते. त्या आकड्यांच्या प्रमाणात सरकार धान्य उचलून नेत होते, त्यामुळे ज्या गावाने अधिक फुशारकी मारली ते अधिक उपाशी राहिले. जुलैमध्ये लुशान येथील बैठकीच्या वेळी संरक्षणमंत्री पेंग द-ह्वाय यांनी माओला एक खासगी पत्र लिहून या अतिरेकाकडे लक्ष वेधले. पत्राची भाषा सांभाळून वापरलेली होती. माओने ते छापून सर्वांना वाटले, पेंग यांना पक्षविरोधी ठरवले आणि पदावरून दूर केले. त्यानंतर अतिरेक ओसरण्याऐवजी वाढला, कारण ओसरावा असे म्हणणारा आता कुणी राहिला नाही, आणि १९६१ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात बहुतेक अभ्यासकांच्या मते दीड कोटीहून अधिक माणसे मेली. माओला खरी परिस्थिती कितपत ठाऊक होती, यावर वाद घातला जातो. मला तो वाद काहीसा अप्रस्तुत वाटतो, कारण पेंग यांचे पत्र त्याने वाचले होते.

‘असे हळवे होऊन मोठी कामे होत नाहीत’ हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे आणि एके काळी मीही तो घेत असे. त्याला उत्तर म्हणून मला दक्षिण ध्रुव गाठायला निघालेले ब्रिटिश मोहीमकार अर्नेस्ट शॅकल्टन आठवतात. संत म्हणून मी त्यांचे नाव घेत नाही. कीर्तीची त्यांची भूक जबर होती, कर्ज काढून त्यांनी मोहीम उभारली होती, आणि मॅकमर्डो खाडीच्या परिसरात तळ टाकणार नाही असा स्कॉट या प्रतिस्पर्धी ध्रुवमोहीमकारांना दिलेला शब्दही परिस्थितीपुढे त्यांनी मोडला होता. ९ जानेवारी १९०९ रोजी ते आणि त्यांचे तीन सोबती ८८ अंश २३ मिनिटे दक्षिण अक्षांशावर उभे होते. त्यापूर्वी कोणताही माणूस तिथपर्यंत गेला नव्हता आणि ध्रुव जेमतेम १८० किलोमीटर उरला होता. पुढे गेलो तर पोहोचू, पण परतीसाठी अन्न पुरणार नाही, हा हिशेब त्यांनी मांडला आणि ते मागे वळले. चौघेही जिवंत परतले. ध्रुवावर पहिले पाऊल अमुंडसेन यांनी डिसेंबर १९११ मध्ये ठेवले. मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत गाढव तुला बरे वाटेल, असे शॅकल्टन यांनी नंतर पत्नीला म्हटले होते. त्यांची महत्त्वाकांक्षा माझ्यापेक्षा शतपटीने मोठी होती. मात्र हिशेब करताना सोबत्यांचे जीव त्यांनी उत्तर सोयीचे यावे म्हणून बाजूला काढून ठेवले नाहीत. मी सहा आठवडे बाजूला काढून ठेवले होते.

पश्चात्ताप पावलेल्या सत्ताधाऱ्याचे उदाहरण म्हणून सारे अशोकाकडे बोट दाखवतात. त्याच्या तेराव्या शिलालेखात कलिंगाच्या युद्धाचा हिशेब दिला आहे: दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कित्येक पट मरण पावली. जेत्याने स्वतः कोरून ठेवलेली अशी कबुली जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. अर्थात त्याच लेखात अरण्यात राहणाऱ्या लोकांना, पश्चात्ताप झाला असला तरी माझे सामर्थ्य कायम आहे, असा इशाराही आहे, म्हणजे राजेपण पूर्ण सुटलेले नव्हते. पण त्याहून चटका लावणारी बाब वेगळीच आहे. हा लेख शाहबाजगढीला आहे, मानसेहरा, कालसी, गिरनार, एर्रगुडी येथे आहे. धौली आणि जौगड येथे, म्हणजे खुद्द कलिंगात, तो नाही. तिथे अकरावा, बारावा आणि तेरावा हे लेख गाळून त्यांच्या जागी दोन स्वतंत्र लेख कोरले आहेत, आणि त्यांत सर्व माणसे माझी मुले आहेत असे मायाळूपणे म्हटले आहे. युद्धाचा त्यांत उल्लेख नाही. सामान्य माणसाला ती लिपी वाचता येत होती की नव्हती, त्या लेखांचे जाहीर वाचन कसे होत असे, या प्रश्नांची चर्चा तज्ज्ञ करोत. कबुली दूरदूरच्या परक्यांसमोर देणे सोपे गेले असणार, एवढे मात्र मी अनुभवाने सांगू शकतो.

खणातली ती दीड पानाची टिपणी नोकरी सोडताना मी घरी आणली. कागद पिवळा पडला आहे, अक्षर अजून तितकेच सुंदर दिसते. मागच्या वर्षी एका जुन्या परिचिताकडून मी त्या सहकाऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक मिळवला. ते आता ऐंशीच्या घरात असतील आणि या प्रकारचे लेखन वाचत असतील असे वाटत नाही. क्रमांक जतन करून ठेवला आहे. अजून लावलेला नाही.